फ्रिजच्या पाठीची गोधडी

काटेवाडी,
६ एप्रिल १९९६

चि. ज्ञानदेव यास,

अक्काचा जय भीम आणि आशीर्वाद. मेघनाला आणि दिशाला, दोघी मायलेकींना, माझा जय भीम सांग. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची लोणी भापकरची शाळा सकाळची झाली आहे. सासूबाईंची कंबर धरलेली आहे आणि तोंड सुटलेलं आहे, म्हणजे त्याही बऱ्याच म्हणायच्या.

पत्राला कारण तुझा फ्रिज. तू दुरुस्त करून दिलास तेव्हापासून त्यानं एक दिवस त्रास दिला नव्हता. आता दोन आठवडे झाले, आत हात घातला तर बाहेरच्यापेक्षा ऊन लागतं. दूध दुपारपर्यंत नासतं, कोथिंबीर उकडल्यासारखी होते. बंद पडलाय म्हणावं तर तसंही नाही. दिवसभर गुरगुरत असतो, दम म्हणून घेत नाही. बटण पार शेवटच्या आकड्यावर नेलं, तरी ढिम्म.

तू मागं शिकवलंस ते सगळं करून पाहिलं. दाराच्या रबरात कागद धरून ओढला, घट्ट बसतो. आतलं बटण बोटानं दाबलं, दिवा विझतो. व्होल्टेज कमी आहे, पण ते काय आजचं आहे? स्टॅबिलायझर चालू आहे. मागची भिंत पश्चिमेची, दुपारी वरचा पत्रा तापतो. म्हणून ऊन तापायला लागलं तेव्हाच सासूबाईंनी फ्रिजच्या पाठीमागे आपली जाड गोधडी कोंबून ठेवली आहे. म्हणतात, "बर्फाला पोतं गुंडाळत्यात, मग ह्येला नको व्हय?" मी हसले, पण राहू दिली. टिकला गारवा तर बरंच.

उत्तर लगेच पाठव. दूधगाडीवरचा दत्तोबा रोज इंदापूरला येतो, त्याच्या हाती दे. फोन करू नकोस, बूथवर अर्धं गाव कान लावून उभं असतं. आणि तू स्वतः येऊ नकोस. लग्नसराईत तुझ्या दुकानात गर्दी असणार. दुकानातलं माणूसही पाठवू नकोस. तू नुसतं लिही, मी करते.

समाधानची कावीळ काही उतरत नाही. माझं पोरगं वाळलंय. पण बुद्धपौर्णिमेला त्याची आणि दिशाची बोलणी पक्की करायची ठरलंय, तोवर होईल ठीक. पोरं रांगत होती तेव्हापासून आपण दोघं हे म्हणत आलोय. तू काळजी करू नकोस, दिशालाही करू देऊ नकोस.

फ्रिजचं तेवढं विसरू नकोस.

तुझी थोरली बहीण,
अक्का

*

काटेवाडी,
११ एप्रिल १९९६

चि. ज्ञानदेव यास,

जय भीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. वाचलं आणि तशीच उठून गोधडी ओढून काढली. फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली ऊब पाठीवाटे बाहेर टाकतो, हे आज कळलं. आपण तिचीच वाट बुजवून बसलो होतो. मागच्या जाळीला बोट लावलं तर चटका बसला. धूळ पुसली, भिंतीपासून हातभर पुढं ओढला, बटण तू सांगितलंस तसं मधल्या आकड्यावर आणलं. सकाळी उघडला तर तोंडावर गार वारा आला. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई रुसल्या आहेत. "माझी गोधडी चावती व्हय तुमच्या पेटीला?" असं विचारतात. मी ती घडी घालून त्यांच्या उशाशी ठेवली.

इथं पत्र संपायला हवं होतं. पण एक विचारते. एखादी वस्तू इतके दिवस उकाड्यात राहिली आणि नंतर पुन्हा गार केली, तर ती पहिल्यासारखी होते का? दूधदही नव्हे. औषधासारखं काही समज. लवकर सुधारावी म्हणून मी ती वर बर्फाच्या कप्प्यात ठेवली आहे. रंग आहे तसाच आहे. वासही नाही.

तू विचारलंस, "दूध नासलं तर नासलं, एवढी घाई कशाची? त्यात ठेवतेस तरी काय?" काय ठेवणार? चार घरांत ठेवतात तेच. पोलिसासारखे प्रश्न विचारू नकोस. धाकटा आहेस, धाकटाच राहा.

शेजारच्या सारजाकडे फ्रिज आहे. मागितला असता तर एक कप्पा तिनं दिला असता. पण ती मेघनाची मावसबहीण. तिच्याकडे सकाळी ठेवलेली गोष्ट संध्याकाळी इंदापुरात पोचते. म्हणून नाही गेले.

जयंतीला मेघना आणि दिशा इकडे येणार म्हणतोस. यंदा नको रे. समाधान थकलाय. रात्रीतून चार वेळा उठतो, घागरभर पाणी पितो. त्याला पाहुण्यांत बसवत नाही. तूही येऊ नकोस. रागावू नकोस, पण येऊ नकोस.

वस्तूचं तेवढं उलट टपाली कळव.

तुझी थोरली बहीण,
अक्का

*

बारामती, दवाखाना
१७ एप्रिल १९९६

ज्ञाना,

समाधान शुद्धीवर आहे. सकाळी चहा प्यायला, बिनसाखरेचा. हे पहिलं लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको.

त्याला कावीळ कधीच नव्हती. गेल्या दिवाळीपासून त्याला साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागते, तीही जन्मभर. त्या बाटल्या तुझ्या फ्रिजमध्ये असतात, मसाल्याच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळून. मी तुला पुन्हा पुन्हा येऊ नकोस का म्हणत होते ते आता कळलं असेल. तू आलास की पाणी मागायच्या आधी फ्रिज उघडून त्यात डोकं घालतोस.

हे पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "ज्ञानदेवला कळवू. त्याची लेक हाय, त्याला कळाया पायजे." मी अडवलं. म्हटलं, बोलणी होऊ देत, लग्न होऊ दे, मग बघू. भाची सून करून आणायची हा हट्ट माझा. तू नाही म्हणशील याची मला भीती वाटली. आणि तू नाही म्हणालास तर माहेरच्या उंबऱ्यावर कुठल्या तोंडानं पाय ठेवू, असं वाटलं. पोराच्या जिवापेक्षा मला माझं तोंड मोठं झालं बघ.

मी नको म्हणून लिहिलं होतं, तरी जयंतीला मेघना आणि दिशा आल्या. आजारी माणसाला भेटायला कोणी परवानगी मागतं का? दिशानं उसाच्या रसाची किटली आणली होती. काविळीला चांगला म्हणून रसवंतीवाल्यापाशी उभं राहून, बर्फ न घालता काढून घेतलेला. एसटीत सांडू नये म्हणून इंदापूरपासून मांडीवर धरून बसली होती. तिनं पेला भरून पुढं केला. समाधाननं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं रे. आणि मी म्हणाले, "पी की. पोरगी एवढ्या लांबनं घिऊन आली."

तो प्यायला. तिनं दुसरा भरला, तोही प्यायला. मी तिथंच उभी होते. संध्याकाळी त्यानं सुई टोचून घेतली, मला वाटलं भागलं. पण त्या औषधात काही राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून उलट्या. मग धाप लागली, बोलणं तुटक झालं. ह्यांनी सारजाच्या नवऱ्याची जीप काढायला लावली. बारामतीत पोचेपर्यंत तो माझ्या हाकेला ओ देईना. डॉक्टरांनी विचारलं, औषध कुठं ठेवत होता? मी सगळं सांगितलं, गोधडीपासून बर्फाच्या कप्प्यापर्यंत. ते म्हणाले, "बाई, उष्णतेनं ते निम्मं गेलं होतं, गोठवून तुम्ही पुरतं घालवलंत. गार केलं म्हणून बिघडलेलं औषध परत सुधारत नाही." मी तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. तू लिहिलं होतंस, "वस्तू कुठली ते सांग, मग सांगतो." ते पत्र माझ्या हाती होतं आणि मी उत्तर दिलं नाही. तेव्हा एक शब्द लिहिला असता तर तू धावत आला असतास, मला माहीत आहे.

काल डोळे उघडल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "दिशाला सांगितलं का?" मी म्हटलं, आधी बरा हो. तर म्हणतो, "न्हाय आई. रसानं झालं आसं तिला कुणाकडनं तरी कळंल आन ती सोताला खात बसंल. तूच सांग."

म्हणून हे पत्र दिशाला वाचायला दे. गाळून नको, सगळं दे.

दिशा, बाळा, तुझा काही दोष नाही. तू आजारावर औषध आणलंस. आजार खोटा होता, आणि तो खोटा आजार मी सांगितला होता. तो रस त्याला तू पाजला नाहीस, मी पाजला. बुद्धपौर्णिमेची बोलणी मी आजपासून थांबवली आहेत. पुढं न्यायची की मोडायची हे तू ठरव, आणि मोडलीस तर समाधानचं काही म्हणणं नाही, असं तो स्वतः म्हणाला. म्हणताना भिंतीकडे तोंड केलं होतं, तेही लिहिते, कारण आता काही लपवायचं नाही. डॉक्टर म्हणतात, औषध नीट घेतलं तर अशी माणसं चांगला संसार करतात. ते खरं की खोटं, तू त्यांनाच विचार. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

ज्ञाना, फ्रिज चांगला चाललाय. नव्या बाटल्या सारजानं ठेवल्यात, दाराच्या कप्प्यात, उघडल्या उघडल्या दिसतील अशा. मी तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "मला आधी सांगितलं आस्तं तर मी काय खाल्लं आस्तं व्हय तुमाला?" इंदापूरला मी स्वतः कळवते म्हटलं, तर तेव्हापासून तिनं तोंडातून अक्षर काढलेलं नाही. जिच्या जिभेला भ्याले, तिनंच माझं घर सांभाळलंय.

आधीच्या दोन्ही पत्रांत मी तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं. आता लिहिते, ये. दुकानाला कुलूप लाव आणि ये. भांडायला ये, चार माणसांत मला बोलायला ये, नातं तोडायचं असेल तर तेही समोर उभं राहून तोड, पण ये. दिशाला आग्रह करू नकोस. ती आली नाही तर मी तिला विचारणार नाही.

थोरली बहीण म्हणून सही करायची आज लाज वाटते. तू पूर्वीसारखी हाक मारलीस तर,

तुझी
अक्का