संग्रह कुणाचा

ताकुमा,

भात कुकरमध्ये आहे. मिसोचं सूप नुसतं गरम कर, उकळू देऊ नकोस. मी सगळी चित्रं घेऊन संग्रहालयात चालले आहे.

काल तू तिथल्या बाईंना फोनवर म्हणालास, "बाबांचा संग्रह आहे, त्यांच्याच नावाने लावा." मी शेजारीच मुळा चिरत होते. आईला विचारावं, असं तुला वाटलंसुद्धा नाही.

बाबांनी त्यातलं एकही चित्र निवडलेलं नाही. पहिलं मी घेतलं, तू पोटात असताना. बर्फातला पूल, चित्रकाराने स्वतः लाकूड कोरून स्वतःच्या हाताने छापलेला. तेव्हा बाबा म्हणाले होते, "घरात कागद काय कमी आहेत?" पुढे पाहुणे कौतुक करू लागले, तसे ते "माझा संग्रह" म्हणू लागले आणि मी मुकाट्याने चहा ओतत राहिले. ते असेपर्यंत बोलले नाही, ही चूक माझी. ती आता पुढे चालवणार नाही.

प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने तारीख आणि दुकान लिहिलंय. अक्षर कुणाचं ते तू ओळखशील. सकाळी त्या बाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच या. आम्हाला तुमच्याकडूनच ऐकायचंय."

बाबांचा अपमान झाला असं वाटत असेल, तर संध्याकाळी खुशाल भांड. मी माघार घेणार नाही.

तुझी आई. पण संग्रहालयातल्या पाटीवर 'हिराबायाशी सुमिए' असं लिहिलेलं असेल.