दोन कानांचा कप

आदरणीय मावशीस,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे ठीक. यांचा खोकला तेवढा न विचारता मुक्कामाला आला आहे. सोशल मीडियावर माझा काही पत्ता नाही म्हणून तू काळजीत असशील, असं मी धरून चालले आहे. (नसशील तरी उत्तरात तसं लिही.)

झालं असं की लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास, सुरू झाला आणि आमच्या धाकट्या जाऊबाईंनी चाळीस दिवस सोशल मीडिया सोडला. सोडल्याचं सोशल मीडियावरच जाहीर केलं, मेणबत्तीशेजारी डोळे मिटून बसलेल्या फोटोसह. (फोटो कुणी काढला हे देवालाच ठाऊक. पक्षाघातापासून भाऊजींचे हात थरथरतात.) एकशे बारा जणांनी लाल बदाम पाठवले. मग मीही सोडला, पण गुपचूप, खऱ्या भाविकासारखं. तो इतका गुपचूप सोडला की कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आता रिकाम्या बोटांना शांत, सर्जनशील काहीतरी हवं. आधी विणकाम केलं. आठवडाभर खपून एक मोजा झाला; तो पायात जात नाही आणि फेकावं तर लोकर महागाची. मग मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. तिथल्या बाई म्हणाल्या, मातीचं ऐका. मी चार दिवस कान देऊन ऐकलं. मातीला काहीही म्हणायचं नव्हतं. शेजारी एक निवृत्त करसल्लागार बसतात, ते प्रत्येक वाकड्या वाटीला "माझा प्रवास" म्हणतात. आणि पलीकडच्या चाकावर कोण? जाऊबाई! पाच वर्षं एका जिन्यावर राहून आम्ही फक्त मोबाइलवर अंगठे दाखवून बोलत होतो, ते अंगठेही आता चिखलात. त्या एक ठेंगणा, जाडजूड कप करत होत्या, दोन्ही बाजूंना कान असलेला. मी करसल्लागारांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हटलं, कप आहे की कुस्तीगीर? ते हसले. जाऊबाई दुसरा कान बसवत राहिल्या.

माझी फुलदाणी हातभर उंच होती. नीट वाळू द्या, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. पण जाऊबाईंचा कप भट्टीत चालला होता, मग माझी फुलदाणी मागे कशी राहील? ओलसरच ढकलली. ती आत फुटली, मावशी, आणि शेजारच्या दोन वस्तू घेऊन फुटली. एक करसल्लागारांचा प्रवास, दुसरा तो कप.

जाऊबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. तुकडे रुमालात गोळा करताना एवढंच म्हणाल्या, "वहिनी, यांना एका हातानं कप धरवत नाही. रोज चहा मी पाजते, ते त्यांना आवडत नाही."

नंतरचे दहा दिवस मी त्या चाकावर घालवले. (विश्रांतीचा छंद म्हणे! कंबर धरली, नखं गेली.) चार कप मोडले, पाचवा उभा राहिला. बाईंनी तो वाळवून, भाजून, चकाकी चढवून दिला. एक कान खाली आला आहे, रंग पावसात भिजलेल्या पोत्याचा. तो घेऊन पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांची बेल वाजवली. भाऊजींनी दोन्ही हातांनी कप उचलला, स्वतः चहा प्यायले, आणि म्हणाले की चहात साखर कमी आहे. जाऊबाई आत जाऊन बराच वेळ साखर शोधत होत्या. डबा समोरच होता.

काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. सोबत कपाचा फोटो आहे. सोशल मीडिया सोडायची शपथ माझी आहे, तुझी नाही. तेव्हा तो तुझ्या खात्यावर टाक आणि कुणी केला ते ठळक लिही. बदाम किती आले ते पत्रानं कळव.

आणखी ता. क. लेंट अजून अकरा दिवस आहे. त्यात जाऊबाईंचा बदाम आला, तर पत्र नको, ताबडतोब फोनच कर.