सतरा नंबरची डिश

मंगळवार, ४ मार्च
नमुना आला. नाव नाही, नुसता नंबर – सतरा. आमच्या लॅबचा नियमच तसा. पण वन्संना आजच कमरेच्या हाडातली मज्जा काढायला बोलावलं होतं, आणि आज नमुना आला एकच! ह्यांना फोनवर म्हणाल्याही, "झालं एकदाचं." म्हणजे त्यांचाच.

डायलिसिसच्या सुया टोचून टोचून वन्संच्या हातातल्या शिरा निकामी झाल्यात. आता नळी बसवायची. नुसत्या नळीत रक्त गोठतं, म्हणून तिला आतून अस्तर हवं – त्यांच्याच मज्जेतून वाढवलेल्या पेशींचं. वाढवणार कोण? मी! जिच्या हातचा चहा त्यांना सोळा वर्षांत एकदाही पसंत पडला नाही, ती.

गुरुवार, ६ मार्च
डिशमध्ये नुसता गाळ.

बुधवार, १२ मार्च
पेशींचं खाद्य बदललं. एकही तळाला चिकटायला तयार नाही. वन्संच त्या – माझ्याकडे टेकतील कशाला!

मंगळवार, १८ मार्च
लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "चौदा दिवस झाले. टाकून दे."
मी गयावया केली. एक आठवडा द्या फक्त.
"तुझं एवढं काय अडलंय त्यात?"
वन्संचं नाव घेतलं नाही. सांगितलं असतं तर डिश माझ्याकडून काढूनच घेतली असती. पण टाकली तर वन्संचं काय? भीती वाटते.

शनिवार, २२ मार्च
आहेत! एका कडेला पंचवीस-तीस, एकमेकींना खेटून, फरशी बसवल्यासारख्या. मध्ये फट म्हणून नाही! हाडाच्या पोटातून काढलेल्या या पेशी – अस्तर कसं घालायचं हे त्यांना सांगितलं कुणी? मायक्रोस्कोपवरून डोळा हटेना. जेवायचं राहिलंच.

शुक्रवार, ४ एप्रिल
काल या पेशींचं अस्तर घातलेल्या बोटभर नळीला पंप जोडला. काल सकाळी वाट्टेल तशा पसरल्या होत्या. आज बघते तर सगळ्या लांबट झालेल्या, प्रवाहाच्या दिशेनं वळलेल्या. एकजात सगळ्या! रक्त नाही, हृदय नाही, नुसता एक घरघरणारा पंप – आणि तरी यांना वाहणं कळतं. मॅडमही खुर्ची ओढून बसल्या. "वीस वर्षं बघतेय. अजून काटा येतो अंगावर."
मोबाईलवर व्हिडिओ घेतला. नियम मोडला. मोडला तर मोडला.

शनिवार, ५ एप्रिल
वन्संकडे गेले. मोबाईल समोर धरला. म्हटलं, "वन्सं, या तुमच्या."
तीनदा लावायला सांगितलं. मग पदर तोंडाला लावून रडल्या. मला वाटलं, आनंदानं.

रविवार, ६ एप्रिल
सकाळी वन्संचा फोन. "वहिनी, त्या माझ्या नाहीत गं. त्या दिवशी सुई बघितली आणि मी तशीच घरी आले. कुणाला सांगायला तोंड नव्हतं." मग – "माझ्याही तशा वळतील का गं? उद्या जाते. तू हात धरायला येशील?"