आहे तशी, खोडींसकट

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद घ्या आणि बसून वाचा. उभ्याने आटोपण्याइतकं पत्र लहान नाही. तुमची कंबर आता सरळ झाली असेल, जाऊबाईंचा घसाही सुटला असेल. आमच्याकडे माणसं ठणठणीत आहेत, आजारी आहे ती सीडी.

तीच, तुम्ही दोघा भावांनी मिळून घेतलेल्या जहाजांच्या खेळाची. मधल्या भोकापासून तिला तडा गेलाय आणि तो हळूहळू पुढे सरकतोय. ती आत घातल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, आणि फिरायला लागली की कॉम्प्युटर दाढ दुखल्यासारखा कण्हतो. एक दिवस तिचे तुकडे होणार आणि तुमचे दादा (निवृत्त झाल्यापासून या खेळाशिवाय त्यांचं कशात लक्ष नाही) दिवसभर माझ्यामागे फिरणार. तेव्हा मी पदर खोचला. म्हटलं, काही झालं तरी प्रत काढायचीच.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने चहा निवायच्या आत प्रत हातात ठेवली. घरी घातली तर खेळ म्हणतो, मूळ सीडी घाला. तशीच परत गेले. त्याने फायली तपासल्या, सगळ्या जागच्या जागी. मग डोकं खाजवत त्याने समजावलं (मागे गिऱ्हाइकं ताटकळली, मी हलले नाही) की नकला होऊ नयेत म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी सीडीवर फायलींच्या बाहेर छुप्या खुणा ठेवलेल्या असतात, त्याही मुद्दाम चुकवलेल्या. कॉपी करणारा प्रोग्राम पडला भला. दिसली चूक की सुधार! म्हणजे माझी प्रत मूळ सीडीपेक्षा शहाणी निघाली, म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. (नवी सून असताना मीही सासूबाईंचं कपाट सुधारून लावलं होतं. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.) मी म्हटलं, "सुधारू नका. आहे तशी उतरवा, खोडींसकट." तो म्हणाला, त्यासाठी त्या छुप्या खुणा वाचणारा जुना सीडी ड्राइव्ह लागतो. तसा तुमच्या माळ्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तो काढा आणि स्वतः घेऊन या. पार्सलने नको, आपटतात मेले.

शेवटच्या डावात लबाडी कोणी केली यावरून तुम्ही दोघं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. (दोघेही आजोबा झालात, शोभतं का?) पण खेळ दोघांचा आहे. तुम्ही येईनासे झाल्यापासून दोन्ही जहाजं हे एकटेच चालवतात. आपली खेळी झाली की उठतात, तुमच्या खुर्चीत बसतात आणि तुमची खेळतात. तुमचं जहाज जिंकलं तर जेवताना आमटीला नावं ठेवतात, पण तुमच्या वाटची खेळी कधी वाईट खेळत नाहीत. भाऊजी, मला ते बघवत नाही.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र टाकायचं चार दिवस राहिलं, आणि आता ड्राइव्हची गरज नाही. दुरुस्तीवाल्याच्या भंगारातच एक निघाला. प्रत खोडींसकट उतरली आणि झकास चालते. ती आणि मूळ सीडी, दोन्ही मी चादरींच्या घडीत लपवल्या आहेत. यांना सांगितलंय की भाऊजींचा ड्राइव्ह आल्याशिवाय खेळ बंद. पहिल्या दिवशी म्हणाले, "त्याचं तोंड बघायचं नाही मला." आता उठल्या उठल्या विचारतात, "निघाला का गं तो?"

ता. ता. क. येताना हातात एक खोकं मात्र असू द्या. रिकामं चालेल. तुम्ही दारात दिसलात की हे खोक्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.