धुराचा पेला

दादा, धाकट्याचा नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे?

माझं बरं चाललंय. ताप कधीच उतरला. बारमध्ये सध्या माझ्या हातच्या धुरकट कॉकटेलला फार मागणी आहे. आपल्या बांधावरच्या घायपाताच्या जातीचंच एक झाड असतं, त्याचा गड्डा भाजून केलेली दारू. तिच्यात झाडपाल्याची दोन गोड मद्यं, एक हिरवं, एक पिवळं. काढ्याची श्रीमंत भावंडंच म्हण. मग वरून लाकडाचा धूर कोंडायचा. आईला यातलं काही बोलू नकोस, तिच्या लेखी मी सरबतं करतो.

खरं सांगू? तापापासून मला वासच येत नाही. मापं पाठ आहेत आणि रंग दिसतात, त्यावर निभावतंय. परवा मात्र माझ्या मागे फडकं जळत होतं आणि मी आपला गिऱ्हाइकाशी हसत बोलत होतो. मनगट भाजलं, थोडंच. मालक म्हणाला, "नाक घरी विसरलास का रे?" मीही हसलो. त्याला खरं कळलं तर त्याच दिवशी घरी बसवेल.

काल बायकोचं पार्सल आलं. लेकीला मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून तिचं झबलं मुद्दाम न धुता पाठवलंय. चिठ्ठीत लिहिलंय, "आधी वास घ्या." बराच वेळ त्यात तोंड खुपसून बसलो होतो.

दादा, तू तिला रोज कडेवर घेतोस. तिच्या अंगाला कसा वास येतो, ते मला नीट लिहून कळव. बायको विचारेल, तेव्हा सांगावं लागेल.

तुझाच,
धाकटा