मुरूम लागलेला बेडूक

दादा, तो बेडूक तुम्हीच आणून पुरला होता का, एवढंच सांगा.

रेणापूरच्या आपल्या रानात पाणी शोधायला आलेल्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तो नेमका काकांच्या बांधाशेजारी. काका पाण्यात वाटा मागणार, म्हणून तुमचं तोंड तेव्हाच उतरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बोलावता, भर उन्हाळ्यात बांधापासून लांबच्या बाभळीपाशी कुदळ मारता आणि ढेकळातून गुबगुबीत, जिवंत बेडूक काढता. "नारळ कशाला फिरवताय? ह्यो बघा. ह्याच्या खाली लई पाणी हाय. मुक्या जिवाला कळतंय, तुमाला न्हाई." मी पुढे होऊन बघते तर बेडकाच्या पोटाला पिवळ्या मुरमाची भरड माती, आणि आपलं रान काळंभोर. मी तोंड उघडणार तोच तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मागे सरले. पुढे तुमचं दुखणं निघालं, तुम्ही गेलात, बोअर राहूनच गेलं.

आता मी लातूरला पोरांना जीवशास्त्र शिकवते. असले बेडूक मागच्या पायांनी खणत, उलटे जमिनीत शिरतात. वाळवंटातले काही तर मूत्राशयात पाणी साठवून, स्वतःच्याच सुटलेल्या कातडीत गुंडाळून पाऊस येईपर्यंत पडून राहतात. म्हणजे बेडूक आपलं पाणी बरोबर घेऊनच झोपतो. खाली झरा असो नाहीतर खडक, त्याला काय त्याचं! हे तुमच्या धाकट्या लेकाला फोनवर सांगून सांगून मी थकले. त्याची विहीर आटलीय, मोसंबी वाळत चाललीय, आणि तो बाभळीपाशीच बोअर मारणार. "दादांनी दाखवलेली जागा हाय, ताई." मी म्हटलं, अरे, त्या बेडकाला मुरूम लागला होता, ओढ्याकाठच्या मुरमातून आणला असणार. तर म्हणतो, "काळ्या रानाखाली मुरूमच असतोय की. खोलातनं वर आला आसंल."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, म्हणून मी आणखीच चिडले. तुम्ही खणलंत तिथे तळापर्यंत काळीच माती होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. की पाहिल्यासारखं वाटतंय? तुमच्यावरचा संशय मी इतका जपलाय की आता मला माझाच भरवसा वाटत नाही.

उद्या बोअरची गाडी येणार आहे. धाकट्याची झाडं जगायला हवीत, हे मलाही कळतं. पण दादा, कुणाला सांगू नका, बोअर कोरडं जावं असं मला मनातून वाटतंय.