हेमांगी किवी होणार म्हणते

हॅमिल्टन, न्यूझीलंड
८ जानेवारी २०२५

ती. आबांस,
नात हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही कपाटात ठेवता, म्हणून पत्रच बरं.

इथल्या माणसांना सगळं जग किवी म्हणतं. फळावरून नव्हे, एका पक्ष्यावरून. तो उडत नाही, दिवसा सहसा दिसत नाही, तरी त्याचं नाव हे लोक कौतुकाने मिरवतात. शेजारचे ऑस्ट्रेलियावाले ते ऑसी. पाव्हलोव्हा म्हणून एक गोड पदार्थ आहे, तो मूळचा कोणाचा यावरून दोघांचं कायमचं भांडण. मला आपलं आणि जळगावकरांचं भरितावरचं भांडण आठवलं.

आमच्या दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत परवा प्रत्येकाने आपल्याकडचं जेवण आणायचं होतं. मी शेवभाजी नेली. पुण्याची मैत्रीण म्हणाली, शेव घातलीय म्हणजे गुजराती. सुरतची म्हणाली, एवढं तिखट म्हणजे मराठीच. दोघींनी दोनदा वाढून घेतली ती गोष्ट वेगळी. पण आबा, आपण नक्की कोण?

मोठ्या आईला नमस्कार; इथे मैत्रिणींना ‘आजी’ म्हणून सांगावं लागतं. तिखट का होईना, लोभ राहू द्यावा.

तुमची हेमांगी

ता. शहादा, जि. नंदुरबार
१ फेब्रुवारी २०२५

चि. हेमांगीस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लोटन पोस्टमनने ते आधी उलटसुलट करून तिकीट पाहून घेतलं. दर वेळी विचारतो, तुमनी पोर तठे काय करी ऱ्हायनी म्हणून. या वेळी सांगितलं, पाखरं मोजते.

आपण कोण ते ऐक. सुरतेच्या सोयऱ्यांकडे गेलो की मी मराठी. पुण्याला तुझ्या वसतिगृहात आलो तेव्हा मी गुजराती. नंदुरबारच्या मिरचीबाजारात नुसता गुजर. घरात गुजरी बोलतो, बाजारात अहिराणी आणि तलाठ्यासमोर शुद्ध मराठी, तीही घाबरत. इतक्या पिढ्या तापीचं पाणी प्यायलो, पण या प्रश्नापायी कुणी उपाशी राहिल्याचं ऐकलं नाही.

जळगावकरांना काय म्हणायचं ते म्हणू दे. कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगं आपणही भाजतो. मोठी आई विचारते, शेवभाजीला मिरची इथली होती की नुसता रंग?

आखाजी ३० एप्रिलला आहे, कॅलेंडरात अक्षय्य तृतीया लिहिलंय. लेकीबाळी माहेरी येतील, लिंबाला झोके बांधू. तूही ये. पाच वर्षं झाली, आता कारणं ऐकणार नाही.

ऐकायला येत नसलं तरी वाट बघता येते, हे ध्यानात ठेवावे.

पितांबर आबा

हॅमिल्टन
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र गमतीत लिहिलं, पण मनात दुसरंच होतं. तेव्हा धीर झाला नाही. बाबांना मागच्या आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, आबांना तूच लिही.

आबा, मला इथलं नागरिकत्व मंजूर झालं आहे. १० एप्रिलला शपथ आहे. त्यानंतर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, दोन ठेवता येत नाहीत. आखाजीपर्यंत नवीन कागद होणार नाहीत, म्हणजे यंदाही येणं नाही. पुढे आले तरी आपल्याच गावी यायला मला परवानगी काढावी लागेल. हे लिहितानाही कसंतरी होतं.

मला इथे काम आवडतं, इथेच राहावंसं वाटतं, हे खरं. पण तुमच्या मनातून उतरून मला किवी व्हायचं नाही. तुम्ही नको म्हणालात तर शपथेला जाणार नाही. रागावा, पण उत्तर लवकर द्या.

तुमचीच,
हेमांगी

ता. शहादा
१६ मार्च २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

खोटं कशाला लिहू, मला फार वाईट वाटलं. पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. केळीला पाणी द्यायच्या निमित्ताने शेतात जाऊन रडलो. तिसऱ्या दिवशी मोठ्या आईने ताट पुढून ओढून घेतलं आणि झालंय काय ते विचारलं. तेव्हा तिला वाचून दाखवलं, आणि पोरगी परकी झाली म्हणालो.

ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, लग्न झालं तेव्हा माझं नाव भावाच्या रेशनकार्डातून कापून तुमच्यात घातलं, आडनाव गेलं, गाव गेलं. म्हणून मी माहेरची परकी झाले का? दर आखाजीला भाऊ बैलगाडी घेऊन मुऱ्हाळी आलाच ना? पोरीचा कागद बदलला तर तिला आणायला जायचं असतं, घरात बसून रडायचं नसतं.

लेक आपली आपण येत नाही, माहेरचा मुऱ्हाळी न्यायला जातो, ही आपली रीत मीच विसरलो होतो.

तेव्हा तू शपथ घे. चांगली साडी नेस, फोटो पाठव.

काल तुझ्या बाबांना, धीरजला, सोबत घेऊन पासपोर्टच्या कचेरीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. बोटांचे ठसे उमटत नव्हते, शेतीने झिजलेत. तिथल्या बाईंनी हसून विचारलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकदम परदेशी कुठे निघालात आजोबा? मी म्हणालो, पुढच्या वर्षीच्या आखाजीला नातीला आणायला जायचं आहे, मी मुऱ्हाळी आहे.

पितांबर आबा